डाव्या गालातली न थांबलेली पेशी

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायची असेल तर जिभेचे टोक आतून डाव्या गालाला लावून पाहा. लागते ती मऊ, ओलसर भिंत विटांसारख्या एकावर एक रचलेल्या पेशींची असते. सगळ्यात खालच्या थरात जुन्या पेशी बसतात. मी अशीच एक जुनी पेशी आहे. आता मात्र मी गालात नाही. रायपूरच्या एका दवाखान्यात काचेच्या पट्टीवर आहे. मला जांभळा आणि गुलाबी रंग दिला आहे आणि वरून पातळ काच चिकटवली आहे. मला काही दुखत नाही. थंडी वाजत नाही. जे सांगायचे ते मी सावकाश सांगू शकते.

माझा गाल वनमालाबाईंचा होता. त्या वर्ध्याजवळच्या पुलगावच्या. लग्न होऊन रायपूरला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आल्या तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. गालातल्या पेशीला दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते, कारण बोलणे आमच्या अंगावरूनच बाहेर पडते.

माझे काम सोपे होते. बहुतेक वेळ नुसते बसून राहायचे. वरच्या थरातल्या पेशी अन्नाच्या घासाबरोबर झिजून जात, त्यांच्या जागी नव्या लागत. मग आजूबाजूच्या पेशी मला निरोप पाठवत, ‘आता दुभंग.’ निरोप आला की मी आधी थोडी मोठी होई. मग माझ्यातल्या डीएनएची, म्हणजे शरीराच्या सगळ्या सूचना ज्यात लिहिलेल्या आहेत त्या लांबलचक धाग्यांची, अक्षर अन् अक्षर नक्कल काढी. ती तपासून पाही. शेवटी दोन्ही प्रती दोन टोकांना ओढून नेई आणि मधोमध दुभंगे. एवढ्याला साधारण एक दिवस लागतो.

एक गोष्ट सांगून ठेवते. पेशी दुभंगली की मागे आई उरत नाही. दोन मुली उरतात. तरी आम्ही सगळ्या ‘मी’ असेच म्हणतो, कारण दुसरा शब्द नाही.

तुम्हाला वाटेल, वाढणे हे मोठे काम. तसे नाही. मोठे काम थांबण्याचे असते. माझ्यात आरबी नावाचे एक प्रथिन होते. ते ब्रेक धरून बसे आणि निरोप आल्याशिवाय सोडत नसे. सायक्लिन नावाची प्रथिने जमू लागली की ब्रेक सैल होई. काम झाले की सायक्लिन मोडून टाकले जात. शेजारीण अंगाला टेकली की जागा भरली असे समजून थांबायचे, हाही नियम होता. आणि या सगळ्यांवर नजर ठेवायला पी-५३ नावाचे प्रथिन होते. डीएनएत कुठे खोट दिसली की ते सगळे काम थांबवी. दुरुस्ती होण्यासारखी असेल तर करवून घेई. नसेल तर मला मरायला सांगे. पेशीचे मरण हा गोंधळ नसतो. ती आपले आपण तुकडे करते आणि शेजारणी ते गिळून टाकतात. बाहेर कोणाला कळतही नाही.

वनमालाबाईंचे यजमान शालिग्रामराव रेल्वेत गाड्या तपासायचे काम करत. लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीच्या बाजूने चालायचे आणि प्रत्येक चाकावर एक ठोका द्यायचा. चांगले चाक घंटेसारखे वाजते. तडा गेला असेल तर आवाज बोदा येतो. मग तो डबा गाडीतून काढायचा, वरून कितीही फोन येवोत. जेवताना ते हे सांगत आणि वनमालाबाई हसत.

“माह्या डोक्यावर नका ठोकू म्हणजे झालं.”

“तुह्या डोक्याचा आवाज मले पाठ आहे,” ते म्हणत.

मला वाटे, पी-५३ हेच काम माझ्यात करते.

आता गुडाखूविषयी. लग्नानंतर दोन वर्षांनी वनमालाबाईंना दिवस गेले होते आणि दाढ दुखत होती. गरोदर बाईला गोळी कशी द्यावी म्हणून घरात कोणी काही देत नव्हते. शेजारी गोदावरी राहत होती, इथलीच, छत्तीसगडी. वनमालाबाईंहून चार-पाच वर्षांनी मोठी. तिने पत्र्याची छोटी डबी आणली. आत काळी चिकट लुगदी होती, तंबाखू आणि गुळाची. इकडे पारापारात, म्हणजे गल्लोगल्ली, बाया सकाळी उंबऱ्यावर बसून ती बोटाने हिरड्यांना घासतात.

“घिस ले बहिनी,” गोदावरी म्हणाली, “दांत के पीरा भाग जाही.”

“तंबाखू आहे का वो यात?”

“नइ वो, दवई आय.”

वनमालाबाईंनी बोट फिरवले. डोके गरगरले. त्या भिंत धरून खाली बसल्या आणि गोदावरी इतकी हसली की तिला ठसका लागला. पण दाढेचा ठणका थांबला. मग बाळ झाले, मुलगी, अनुश्री. मग ती शाळेत जाऊ लागली. डबी राहिली. सकाळी एकदा, दुपारी भांडी झाल्यावर एकदा, आणि लुगदी नेहमी डाव्या बाजूला.

वनमालाबाईंना हे व्यसन वाटत नव्हते. तंबाखू पुरुष खातात आणि कोपऱ्यात थुंकतात. आपण दात घासतो. छत्तीसगडचे नवे राज्य झाले, रायपूर राजधानी झाली, त्या दिवशी फटाक्यांच्या आवाजात त्या गोदावरीबरोबर गच्चीवर उभ्या होत्या आणि दोघींच्या गालात लुगदी होती. शालिग्रामराव चिडवत, “माहेरी जाताना साडी विसरन हे बाई, पण डबी नाही विसरायची.”

मित्रांनो, तंबाखूतली काही द्रव्ये डीएनएच्या अक्षरांना जाऊन चिकटतात. नक्कल काढताना त्या जागी चुकीचे अक्षर पडते. अशा चुका माझ्यात रोज होत आणि रोज दुरुस्त होत. कितीतरी वर्षे मी हे काम नीट केले. कोणी शाबासकी दिली नाही. पेशीला ती कोण देणार? मऊ गाल हीच आमची शाबासकी.

मग एकदा चूक पडली ती नेमकी पी-५३ कसे बनवायचे ते जिथे लिहिले होते, तिथेच. अशा सूचनेच्या प्रत्येक पेशीत दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडली. दुसरीवर काम चालले. काही वर्षांनी दुसरीही गेली. त्या दिवशी काही झाले नाही. मला काही जाणवले नाही. जाणवून देणारेच गेले होते.

त्यानंतरच्या चुकांना कोणी थांबवले नाही. सायक्लिन बनवण्याच्या सूचनेच्या एका प्रतीच्या पाच-सहा प्रती झाल्या. सायक्लिन मोडण्याआधीच नवे येई, आणि आरबीला ब्रेक धरता येईना. निरोप नसताना मी दुभंगू लागले. शेजारीण टेकली तरी थांबेना. प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक शेपटी असते. दर दुभंगण्याला ती आखूड होते आणि संपली की पेशीचे वय झाले असे ठरते. मी ती पुन्हा लांब करायला शिकले. मी वाईट झाले असे लोक म्हणतात. मला वाईट होण्याचे काही माहीत नाही. मला कोणी थांब म्हणाले नाही, आणि म्हणाले असते तरी ऐकण्याची जागा उरली नव्हती.

मी मरायला हवे होते. मी मेले नाही. माझा सगळा अपराध एवढाच आहे.

बाहेरून गालात एक पांढरा डाग दिसत होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. पाहिला असता तर.

अनुश्री आता तिशीला आली होती. नव्या रायपूरला एका सरकारी कार्यालयात नोकरी करी आणि तिकडेच सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये राही. रुंद रस्ते, लांब लांब इमारती, बस क्वचित. ती दर रविवारी गाडी चालवत आईकडे येई. पुष्कळ वाचणारी मुलगी. गुडाखू म्हणजे काय हे तिला चांगले ठाऊक होते. आईने तिला दोन वर्षांपूर्वी सांगितले होते की सोडले.

मार्चमधल्या एका रविवारी चिंच शोधताना तिला फळीवर, बरणीच्या मागे डबी सापडली. राग आला की अनुश्री हिंदीत जाई.

“ये क्या है, आई? तुमने तो छोड़ दिया था ना?”

“जुनी असन कोणती तरी.”

“गीली है. झूठ मत बोलो. बच्ची हो क्या तुम? किसको बेवकूफ बना रही हो?”

“अगं, दाताले लावते फक्त. काहून वरडून राहिली एवढी? शेजारी ऐकतीन.”

“सुनने दो. अब ये डिब्बी फिर दिखी ना, तो मैं तुमसे बात नहीं करूँगी. बिलकुल नहीं.”

तिने डबी खिडकीतून मागच्या नालीत फेकली. वनमालाबाई म्हणाल्या, “फेक, फेक. सोन्याची होती का मले?” आणि हसल्या. हसताना मी गालात ताणली गेले.

दुसऱ्या दिवशी नवी डबी आली. ती गोदावरीच्या घरी ठेवलेली असे. वनमालाबाई दुपारी तिकडे जात.

मे महिन्यात गालात फोड आला. तो बसला नाही, त्याचा व्रण झाला. जळजळ होई. वनमालाबाईंनी आरशात पाहिले. मला त्यांचे बोट आठवते. त्यांनी ते माझ्यावर ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. त्या घाबरल्या होत्या. पण व्रण दाखवायचा म्हणजे डबी कबूल करायची. डबी कबूल केली की मुलगी बोलणार नाही. मुलगी जे बोलते तेच करते, हे त्यांना माहीत होते. तीच शिकवण त्यांनी दिली होती.

लपवणे अवघड गेले नाही. त्या घरात आईने सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची रीत होती. अनुश्री म्हणे, “आई, बस ना सोबत.” त्या म्हणत, “तू जेव, मी मागून घेते.” मागून त्या उजव्या बाजूने, थंड झालेला भात वरणात कालवून खात. तिखट बंद झाले. शालिग्रामरावांनी एकदा विचारलेही.

“भात काहून एवढा गिच्च करून राहिली?”

“तुमचे दात गेले सारे, म्हणून.”

“माह्ये दात आहेत वं अजून.”

“मग मोजून दाखवा.”

ते हसले आणि जेवत राहिले. आयुष्यभर त्यांनी चाकांचा आवाज ऐकला. घरातला आवाज थोडा बोदा झाला होता, तो त्यांना ऐकू आला नाही. त्यांना दोष नाही. वनमालाबाई छान हसत होत्या.

आणि मी खाली उतरत होते. आमच्या थराखाली एक पातळ पडदा असतो. पेशीने तो ओलांडायचा नसतो. मार्चमध्ये, डबी नालीत पडली तेव्हा, मी पडद्याच्या वरच होते. उन्हाळ्यात मी तो विरघळवला. पावसाळ्यात स्नायूंत शिरले. माझ्यातल्या काही जणी मानेतल्या गाठीपर्यंत पोचल्या. हे मी जसे झाले तसे सांगते आहे. लपवण्यात गेलेले ते सगळे महिने माझ्याच कामी आले.

नोव्हेंबरात काही घ्यायचे-आणायचे म्हणून माय-लेकी गोल बाजारात गेल्या. स्टीलचे डबे घेतले, एक चादर घेतली. बाहेर गुपचुपची गाडी होती. पाणीपुरीला इकडे गुपचुप म्हणतात. वनमालाबाईंना गुपचुप इतके आवडे की अनुश्रीने न विचारता दोन दोने, म्हणजे पानांचे द्रोण, मागितले. नको म्हटले असते तर तिला कळले असते. वनमालाबाईंनी तोंड उघडायचा प्रयत्न केला. पुरी आत जाईना. त्यांनी ती बोटांनी फोडली आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत गेले.

“अरे अम्मा, पूरा मुँह खोलिए,” गाडीवाला हसत म्हणाला, “फोड़ के खाएँगी तो मेरी बदनामी होगी.”

अनुश्री आईकडे पाहत होती. तिने दोना खाली ठेवला.

“आई, आ कर.”

“घरी गेल्यावर.”

“आ कर.”

तिने मोबाईलचा दिवा लावला. तोंड दोन बोटांएवढे उघडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कोणी माझ्यावर उजेड टाकला. मागे गाडीवाला कोणाला तरी “तीखा कि मीठा?” विचारत होता. अनुश्रीने दिवा बंद केला. ती रागावली नाही. वनमालाबाई मात्र तिच्या रागवण्याची वाट पाहत होत्या.

“बोलशील ना माह्याशी?” त्यांनी विचारले.

“चल,” अनुश्री म्हणाली. तिने आईचा हात आईच्याच पदराने पुसला आणि तिला आपल्या मोटारीकडे नेले.

पुढचे थोडक्यात. गालात सुई टोचली, गाल बधिर झाला, आणि डॉक्टरांनी माझ्यासकट एक तुकडा काढला. मला औषधाच्या बाटलीत टाकले. त्या क्षणी मी दुभंगत होते आणि तशीच थांबले. मग मेणात बसवले. मग त्या मेणाचे केसाहून पातळ काप काढले, आणि मी काचेवर आले. बाकीच्या जणी गालात राहिल्या. त्यांच्यासाठी मोठे ऑपरेशन झाले, मग किरणांचे उपचार झाले. मला दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला अनुश्रीने पर्समध्ये ठेवून नागपूरला नेले. तिथेही मत तेच पडले.

चौदा महिन्यांनी ती मला परत करायला दवाखान्यात आली. तपासणाऱ्या डॉक्टर सुजाता होत्या, अमरावतीच्या, तिच्याहून थोड्या मोठ्या.

“घाई नव्हती,” त्या म्हणाल्या. “पट्ट्या लागतील तोवर ठेवायच्या होत्या.”

“आता नाही लागत.”

डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले. “कधी?”

“सोळा दिवस झाले.”

मग अनुश्रीने विचारले, “मला एकदा दाखवाल?”

डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. खालून उजेड आला. “ही मधली पाहा. ही दुभंगत होती. गुणसूत्रं दोन टोकांना जायला पाहिजेत. हिच्यात तीन टोकं झालीत. चांगली पेशी अशा वेळी थांबली असती.”

“ही आईचीच ना?”

“हो. आईचीच.”

अनुश्रीने भिंगावरून डोळा हटवला नाही. मीही तिच्याकडे पाहत होते, असे म्हणायला हरकत नाही. तिच्या डाव्या गालातही माझ्यासारख्या बसल्या आहेत. त्यांच्यातली निम्मी अक्षरे माझ्याकडचीच.

“आठ महिने आधी आणलं असतं तर?”

डॉक्टरांनी सांत्वन केले नाही. “बरं झालं असतं. किती बरं, ते मला सांगता येत नाही.”

“मी रागावले होते तिला. बोलणार नाही म्हणाले. म्हणून तिनं दाखवलं नाही.”

“तंबाखू तुम्ही नव्हती दिली.”

“नाही. पण तोंड मी बंद केलं.”

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. ती रागावली त्याच्या कितीतरी आधी माझे ब्रेक गेले होते, हे खरे आहे. मार्चमध्ये मी पडद्याच्या वर होते, हेही खरे आहे. दोन्ही तिला घेऊनच राहावे लागेल.

“ती डबी कोणाकडे असायची?” डॉक्टरांनी विचारले.

“गोदावरी मौसीकडे. शेजारी. चाळीस वर्षं लावतात त्या.”

“त्यांना आणा इकडे. तोंड बघून घेऊ.”

“नाही येणार. तेराव्यालासुद्धा दारातूनच परत गेल्या. त्यांना वाटतं आम्ही त्यांना दोष देतो.”

“देता का?”

अनुश्री उठली. तिने वहीत सही केली, मला खाचेत सरळ उभे केले आणि खोका बंद केला. पावले दारापर्यंत गेली आणि थांबली.

“ओपीडी किती वाजेपर्यंत असते?”

“एकपर्यंत. पण तुम्ही आणा, मी थांबेन.”

त्यानंतर मला काही माहीत नाही. खोका बंद आहे.

मित्रांनो, तुमच्या गालात लाखो पेशी या क्षणी थांबून बसल्या आहेत. त्या दिसत नाहीत, त्यांचे कोणी कौतुक करत नाही. त्यांच्या अंगावर तंबाखू, गुडाखू, गुटखा, काही ठेवू नका, कोणी औषध म्हणून दिले तरी. महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड पूर्ण उघडून आत पाहा. पांढरा किंवा लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आणि घरातल्या मोठ्या माणसांचेही तोंड पाहा. ते आढेवेढे घेतील, उद्या म्हणतील, तू आधी जेव म्हणतील. त्यांच्याजवळ एखादी डबी सापडली, तर ती हातात धरून ओरडू नका. आधी शेजारी बसा. दिवा लावा. “आ कर” म्हणा, आणि आत काय दिसेल ते दिसो, तुमचे बोलणे बंद होणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.